पणजोबांचा माग: १९५१ ची नागरिक नोंदवही, कोतवाल बुक आणि डीएनए चाचणी

जनगणनेच्या कागदांत पणजोबा शोधायचे, ही कल्पना आपल्याकडे बहुधा परदेशातल्या नातेवाइकांकडून येते. तिकडे ते खरंच जमतं. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या खानेसुमारीत घराघरातली नावं वाचता येतात. शंभर वर्षं उलटली की पुढची खुली होते, १९२१ ची २०२२ मध्ये झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची, त्यामुळे तिथली १९५० ची गणनाही त्याच वर्षी लोकांच्या हाती आली.

आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती होत आली, पण आकडे काढून झाले की नावांची मूळ पत्रकं ठेवलीच गेली नाहीत. छापील अहवालांत जिल्ह्यात किती कुणबी, किती साळी, किती विधवा हे सापडेल. तुमचे पणजोबा सापडणार नाहीत. मराठवाड्यात आरक्षणाच्या वादात ज्या निजामकालीन हैदराबाद गॅझेटबद्दल सगळे बोलतात, त्यातही संख्या आहे, माणसांची नावं नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रकांवर तर १९४८ च्या जनगणना कायद्याचं १५ वं कलम बसलेलं आहे: ती कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. त्यासाठी माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचं तिकीट लावण्यात अर्थ नाही.

एक फट मात्र राहिली. १९५१ च्या जनगणनेबरोबर गावोगाव ‘राष्ट्रीय नागरिक नोंदवही’ लिहिली गेली. गणनेच्या चिठ्ठ्यांवरून ती उतरवली होती: घरांच्या क्रमाने माणसांची नावं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, स्त्री-पुरुष, वय, लग्न झालंय का, शिक्षण, पोटापाण्याचा धंदा. जातीच्या नोंदी शोधायला शासनाने जे जुने अभिलेख तपासायला घेतले, त्यांत या नोंदवहीचं नाव आहे. महाराष्ट्रात नावानिशी जनगणना म्हणावी असा कागद हा एवढाच. तिथपर्यंत जायचं आणि तिथून मागे.

आधी गाव, मग नाव

आडनावावरून शोध सुरू केला की वर्ष वाया जातं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कागदांत निम्म्या माणसांना आडनावच नसतं. ‘राघू वलद भिवा’ एवढीच ओळख असते. नातवाला आजाचं नाव ठेवायच्या रिवाजामुळे एकाच घरात राघू-भिवा-राघू-भिवा अशी साखळी चालते. गाव पक्कं नसेल तर यातला कुठला राघू आपला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून पहिला दिवस घरातच घालवा. सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे, त्यातही आत्या आणि आजीकडे बसा. माहेर-सासर लक्षात ठेवणाऱ्या त्याच असतात. प्रश्न ठरलेले: कुलदैवत कुठलं आणि जत्रेला कुठल्या गावावरून जायचे? देवक काय? सुतक कोणाकोणाचं धरायचे? लग्नपत्रिकेत आधी कोणाचं नाव घालायचे? सुतक हा भाऊबंदकीचा सर्वांत भरवशाचा तोंडी पुरावा आहे, कारण लांबचं नातं विसरलं तरी ‘त्यांचं दहा दिवस आपल्याला लागतं’ हे विसरत नाहीत. मग ट्रंक उघडा: जुनी पत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचं सेवापुस्तक, चाळीची भाड्याची पावती, पलटणीतून आलेला कागद.

गाव कळलं की ते त्या काळी कोणत्या तालुक्यात होतं ते पाहा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. तालुके तर कितीतरी नवे झाले. जुनी दप्तरं नव्या कचेरीत गेलीच असतील असं नाही. ‘इथे नाही’ असं उत्तर आलं तर ‘मूळ तालुक्याला आहे का’ हा पुढचा प्रश्न. बुद्रुक आणि खुर्द यांची गल्लत करू नका. गाव कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली गेलं असेल, तर पुनर्वसित गावातले कागद धरणापासूनच सुरू होतात. मागचे मूळ तालुक्यातच.

तहसीलच्या अभिलेख कक्षात

नकलेचा अर्ज साध्या कागदावर, कोर्ट फी तिकीट लावून द्यायचा. त्यात ‘माझ्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असं कधीही लिहू नका. ते शोधणं कारकुनाचं काम नाही आणि तो तसं लिहून देईल. गाव, नोंदवहीचं नाव आणि वर्षं लिहा: ‘मौजे अमुक बुद्रुक, गाव नमुना १४, सन १९०० ते १९२०, पाहणीस मिळावा.’ (नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक, ते पुढे येतंच.) आधी पाहणी, मग हव्या त्या पानाची नक्कल. अर्ज पडून राहिला तर माहिती अधिकार आहे, पण महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. तीस दिवस धरा.

नागरिक नोंदवही अनेक तालुक्यांत वाळवीने खाल्ली आहे किंवा गठ्ठ्यात दुसऱ्याच गावाखाली बांधली आहे. मिळाली तर फक्त आपलं घर बघून उठू नका. वरची पाच आणि खालची पाच घरं उतरवून घ्या. आळीत भाऊबंद शेजारी शेजारी राहतात. आज दूरचं वाटणारं घर तेव्हा भिंतीला भिंत लावून असतं. वयावर भरवसा ठेवू नका. ४०, ४५, ५०, ६० ही वयं गावात भलतीच जास्त दिसतील, कारण गणनेवाल्याने अंदाजाने शून्य किंवा पाचावर आणून सोडली. दहा वर्षं इकडेतिकडे धरा.

नोंदवहीत ज्याचं वय साठ, तो १८९० च्या आगेमागे जन्मला. आता त्याचा बाप हवा. इथून तीन वाटा फुटतात आणि तिन्ही चालाव्या लागतात.

पहिली शाळा. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेत ‘प्रवेश-निर्गम नोंदवही’ म्हणजे जनरल रजिस्टर असतं. काही गावांत ते एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातं. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा कधी आणि का सोडली. जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी दिलेली आहे असं समजा. महाराष्ट्रात त्या दिवशी जितके लोक जन्मले तितके कुठल्याच दिवशी जन्मले नसतील. मुली आणि गरिबाघरची मुलं इथे कमी सापडतात.

दुसरी वाट जमिनीची, आणि हीच सर्वांत लांब जाते. आजच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात. सर्वांत जुना नंबर घ्या, तो फेरफार काढा, त्यात आलेल्या मागच्या नोंदीचा नंबर घ्या, पुन्हा मागे. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झाली, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात हा धागा साधारण १९१०-३० पर्यंत नेतो. एका नोंदीत काय काय दडलेलं असतं ते नमुन्यादाखल पाहा:

‘खातेदार सखाराम बिन राघू मयत होऊन सुमारे ४ वर्षे झाली. वारस मुलगे १. तुकाराम २. बाळा, वय ९, अज्ञान, पालनकर्ती आई गंगूबाई कोम सखाराम.’

‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अज्ञान’ म्हणजे अजून वयात न आलेला. दोन ओळींत तीन पिढ्या हाती आल्या: राघू, सखाराम आणि गंगूबाई, तुकाराम आणि बाळा. बाळा नऊ वर्षांचा आणि बाप चार वर्षांपूर्वी गेला, म्हणजे सखारामच्या मरणाचा काळ बांधला गेला. पण दोन सापळे आहेत. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे. वारस नोंद वीस-वीस वर्षं उशिरा होते, बहुतेक वेळा कर्ज काढायची किंवा वाटणीची वेळ आल्यावर. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुलींची नावं नसतात. ‘दोनच मुलगे’ वाचून बहिणी नव्हत्या असं मानू नका. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. सातबाऱ्यावर एकटा तोच असला तरी मागे तीन भाऊ उभे असू शकतात.

सातबाऱ्याच्या मागे भूमी अभिलेख कार्यालयात शेतवारपत्रक, पक्का बुक, क्लासर रजिस्टर या जुन्या मोजणी-आकारणीच्या वह्या. कोकणात खोती गावं असतील तर बोटखत. विदर्भात १९५४-५५ चं अधिकार अभिलेख बघा. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि फसली सनात. काही जिल्ह्यांतले जुने महसुली कागद भूमी अभिलेख विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवले आहेत. कचेरीत जाण्याआधी तिथे गावाचं नाव टाकून पाहा.

तिसरी वाट गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होईपर्यंत गावातले जन्म आणि मृत्यू यात लिहिले जात. नवखा माणूस यात बाळाचं नाव शोधत बसतो. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. ‘राघू भिवा, जात अमुक, मुलगा १’ एवढंच. म्हणून शोधायचं ते बापाचं नाव. एका बापाच्या नावाने पंधरा-वीस वर्षांतल्या सगळ्या नोंदी उतरवल्या की भावंडांचा क्रम तयार होतो, आणि शाळेच्या नोंदवहीशी तो जुळवला की कोणता मुलगा कोण हे कळतं.

मृत्यूच्या रकान्यात कारण असतं. १८९७ नंतरच्या काही वर्षांत प्लेग, अधूनमधून पटकी, १९१८ च्या पावसाळ्यानंतर मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. त्या वर्षांत एका घरातली तीन-चार माणसं आठवड्याभरात गेलेली दिसली, की उरलेलं पोर मामाकडे वाढलं असण्याची शक्यता धरा आणि आईच्या माहेरगावची वही मागा. कित्येक घराण्यांचं ‘मूळ गाव’ म्हणून जे सांगतात ते असं आजोळ असतं.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. महार वतनाच्या आणि इतर कनिष्ठ वतनांच्या (गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या जमिनी-हक्कांच्या) नोंदींत हिस्सेदारांच्या वंशावळी आहेत. ही वतनं १९५८ च्या कायद्याने गेली. पाटील-कुलकर्णी घराण्यांची वतन रजिस्टरं वेगळी. शिवाय दुय्यम निबंधकाकडची खरेदीखतं आणि दत्तकपत्रं, पोलिसांच्या गावगुन्हे नोंदी, तुरुंगाची कच्च्या कैद्यांची नोंदवही, अबकारीची ताडी नोंदवही. पूर्वजाने एकदा तरी ताडीचा परवाना काढला असेल किंवा मारामारी केली असेल, तर सभ्य शेजाऱ्यापेक्षा त्याचा माग सोपा. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले’ अशा १९१४-१९ च्या पाट्या दिसतात. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या शिपायांची यादी राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाकडे आहे, आणि तीत बऱ्याचदा बापाचं नाव आणि गाव मिळतं.

सरकारी नसलेले दोन साठे विसरू नका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या; त्या गाव आणि आडनावानुसार लावलेल्या असतात आणि मजकूर येणाऱ्याने स्वतः लिहिलेला किंवा सांगितलेला असतो. म्हणजे आजोबांनी त्यांच्या आजोबांचं नाव सांगून सही केलेली असू शकते. सुपारी ठेवून नीट विचारा, दक्षिणा द्या, आपल्या घरची सध्याची नोंदही करा. कोल्हापूर, सांगली आणि सीमाभागात हेळवी लोक घरोघर फिरून वंशावळ वाचतात. त्यांच्या वहीत मागच्या पिढ्या भरपूर असतात, पण जितकं मागे जाल तितकं ते गाणं होत जातं. शेवटच्या चार-पाच पिढ्या कागदाशी ताडून घ्या, त्यामागचं कंसात ठेवा.

मोडी आणि सन

१९०० च्या मागे गेलात की मोडी येणारच. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि शब्दापुढे दोन उभ्या रेघा दिसल्या तर तो शब्द अर्धा लिहिलाय. पूर्ण मोडी शिकायला काही महिने लागतात. आपल्या घरातली सात-आठ नावं, गाव, जात आणि वलद-बिन-कोम हे शब्द ओळखायला एक आठवडा पुरतो. एवढ्यावर पानं चाळून खुणा करा आणि त्याच पानांचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या. अख्खं रजिस्टर देऊ नका, पैसे पानावर असतात. कागद कोर्टकचेरीत लागणार असेल तर मान्यताप्राप्त लिप्यंतरकाराचीच सही हवी. पेशवाईपर्यंत जायचं असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आहे, पण तिथे सामान्य रयतेपेक्षा वतनदार, इनामदार आणि शिलेदारांची घरं जास्त सापडतात.

सनांचं गणित एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. शकात ७८ मिळवा; नोंद पौष-माघ-फाल्गुनातली असेल तर ७९ करून पाहा. शके १८१२ म्हणजे १८९०-९१. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवा: फसली १३१० म्हणजे १९००-०१. उत्तरेतला फसली यापेक्षा दोन-तीन वर्षांनी वेगळा, तो इथे लावू नका. मराठेशाहीतल्या कागदांवरचा सुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत असतो, एकक आधी: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार मिळून ११६१. ५९९ मिळवले की १७६०, मृगापासून पुढच्या मृगापर्यंत. पानिपत याच सनात झालं.

प्रत्येक पानाचा फोटो पूर्ण घ्या, फक्त आपल्या ओळीचा नको. वहीच्या पुठ्ठ्याचाही घ्या. खाली लिहा: कचेरी, वही, गाव, सन, पान, अनुक्रमांक. आणि बाप-मुलगा हा प्रत्येक दुवा दोन वेगवेगळ्या वह्यांत दिसल्याशिवाय वंशावळीत पक्क्या शाईने घालू नका. एकाच कागदाच्या दोन नकला म्हणजे दोन पुरावे नव्हेत. वारस नोंद आणि तिच्यावरून केलेलं प्रतिज्ञापत्र हाही एकच पुरावा.

डीएनए कधी आणि कोणाचा

कागद संपला की लोक किट मागवतात, आणि ‘दक्षिण आशिया ९७ टक्के’ असा निकाल वाचून खट्टू होतात. तो टक्का पूर्वज शोधायला निरुपयोगी आहे. एन्सेस्ट्री, मायहेरिटेज, फॅमिलीट्री डीएनए या चाचणी करणाऱ्या कंपन्यांच्या साठ्यांत मराठी माणसं इतकी कमी, की अंधारात दगड मारून चुलत भाऊ मिळेल ही आशा धरू नये. आपल्याकडे ही चाचणी चालते ती एका नेमक्या प्रश्नावर, दोन्ही बाजूंची माणसं आपण स्वतः निवडून.

प्रश्न असा हवा (नावं नमुन्याची, वरच्या फेरफारातली माणसं ही नव्हेत): ‘१९०५ च्या सुमारास मुंबईला गिरणीत आलेले आमचे सखाराम आणि गावातल्या नागरिक नोंदवहीतला तुकाराम हे सख्खे भाऊ होते का?’ आता वंशावळ मांडा. सखारामचा नातू आणि तुकारामची नात हयात आहेत. आजोबा सख्खे भाऊ असतील तर ही दोघं दुसऱ्या पायरीची चुलत भावंडं. सर्वसाधारण, म्हणजे ऑटोसोमल, चाचणीत अशा जोडीचा सामाईक डीएनए सरासरी २३० सेंटीमॉर्गन (डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजायचं माप) येतो, पण ४० पासून ५९० पर्यंत काहीही येऊ शकतो. सख्ख्या चुलत-मामे भावंडांत सरासरी ८७० च्या आसपास. पणजोबा भाऊ असले तर सरासरी ७० वर येते आणि कधीकधी शून्यही निघतं. नातं असून शून्य निघू शकतं हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर भांडणं होतात. आणि नेहमी वरच्या पिढीची चाचणी करा. तुमची नको, वडिलांची. वडिलांची नको, त्यांच्या नव्वदीतल्या आत्याची. एक पिढी खाली आलं की निम्मा पुरावा गळून जातो.

हे आकडे युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांवरून बसवलेले आहेत. आपल्याकडे इथेच गडबड होते. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, त्यातही पाच-पन्नास गावांतच सोयरीक; वर मामाच्या मुलीशी लग्नाचा रिवाज. त्यामुळे एकमेकांना न ओळखणाऱ्या, नातं नसलेल्या दोन माणसांतही बरेच छोटे तुकडे सारखे निघतात आणि बेरीज फुगते. कंपनीचा संगणक त्यांना बेधडक ‘दुसरे-तिसरे चुलत’ ठरवतो.

यावर तीन उपाय. एक, बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा बघा. वीस तुकडे आणि प्रत्येक आठ-दहा सेंटीमॉर्गनचा, ही जातीची जुनी सरमिसळ. त्यातच तीस-चाळीसचे दोन-तीन तुकडे असतील तर नातं जवळचं. सातच्या खालचे तुकडे मोजूच नका, त्यांतले पुष्कळ खोटे असतात. दोन, पडताळ्यासाठी तिसरा माणूस घ्या: त्याच जातीचा, त्याच पट्ट्यातला, पण नातं नाही असा. त्याच्याशी तुमचे ६० सेंटीमॉर्गन जुळत असतील, तर तुकारामच्या नातीशी जुळलेल्या १२० ला फारशी किंमत नाही. ३०० ला आहे. या तिसऱ्या किटवर पैसे वाचवणारे लोक पुढे निकालावर वाद घालत बसतात. तीन, ज्यांची चाचणी केली त्यांचेच आईबाप नात्यातले होते का ते विचारा. जेडमॅच या संकेतस्थळावर चाचणीची कच्ची फाईल चढवली की आईबाप नात्यातले आहेत का हे तपासायची सोय आहे. आजी ही आजोबांच्या मामाची मुलगी असेल, तर दोन्ही बाजूंनी तोच डीएनए येतो आणि नातं एक पायरी जवळ दिसतं.

बापाकडून बापाकडे जाणारी सरळ ओळ तपासायची असेल तर वाय चाचणी, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची. ती फक्त पुरुषांची होते. दोन गावांतली एकाच आडनावाची घरं एका खापरपणजोबाची आहेत का, यासाठी दोन्हीकडून मुलाच्या मुलाच्या ओळीतला एकेक पुरुष घ्या आणि किमान ३७ खुणांची (वायवरच्या ठरावीक जागांची), जमल्यास १११ खुणांची चाचणी करा. ‘दोघेही आर१ए निघालो’ म्हणून पेढे वाटू नका. त्या मोठ्या गटात भारतातले कोट्यवधी पुरुष आहेत. खुणा एकेक करून जुळल्या पाहिजेत. न जुळणं हा जास्त पक्का निकाल: ३७ पैकी दहा-बारा खुणा वेगळ्या असतील तर सरळ पुरुषी ओळ एक नाही. गोत्र एक आहे म्हणून वाय एक असेल, असंही नाही. आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए इतक्या सावकाश बदलतो की जुळला तरी समान आजी हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. दोन पणज्या सख्ख्या बहिणी नव्हत्या, एवढं सांगायला तो बरा.

वाय जुळला नाही की घरात कुजबूज सुरू होते. त्याआधी दत्तकाचा कागद शोधा. महाराष्ट्रात निपुत्रिक घराने दत्तक घेणं हा अपवाद नव्हता. दत्तक भाऊबंदांतून घेतला असेल तर वाय तोच राहतो आणि चाचणीला पत्ताही लागत नाही. मुलीचा मुलगा किंवा बायकोचा भाचा घेतला असेल तर ओळ तिथेच बदलते. घरजावयाच्या मुलांनी आजोळचं आडनाव लावलं, तरी तेच. दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र, फेरफारात ‘दत्तक पुत्र’, शाळेच्या नोंदवहीत आधीचं एक नाव आणि नंतर खोडून दुसरं, अशा ठिकाणी उत्तर असतं.

नमुना घेताना होणाऱ्या चुका अगदी साध्या. थुंकीच्या किटमध्ये रेघेपर्यंत थुंकी हवी, फेस धरायचा नाही. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही असं लिहिलेलं असतं. आजी मिशरी लावत असेल किंवा तंबाखू खात असेल तर चूळ भरायला लावून तासभर थांबा. तोंड कोरडं पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी गालाच्या आतून कापूस फिरवायचं किट बरं. कापसाच्या टोकाला बोट लावू नका, गालाला नीट मिनिटभर घासा. दोन बहिणींचे नमुने एकाच वेळी घेऊ नका; नळ्यांची अदलाबदल झालेली नंतर कळत नाही. नळीवर नाव घालण्याआधी दुसरी उघडायचीच नाही.

आणि नमुना घेण्याआधी लेखी संमती: निकाल कोण बघणार, अनपेक्षित भाऊ-बहीण निघाली तर सांगायचं का, फाईल नंतर पुसायची का. मार्च २०२५ मध्ये २३अँडमी या डीएनए चाचणीच्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लाखो लोकांना अचानक आपली माहिती पुसायची घाई झाली. कच्ची फाईल उतरवून घरी ठेवा, काम झालं की कंपनीकडची पुसा. जातीच्या दाखल्यासाठी या चाचणीचा काडीचा उपयोग नाही. डीएनएतून जात निघत नाही. पडताळणी समितीला कागद आणि वंशावळ लागते.

पूर्वज मॉरिशसला गेले असतील तर वाट उलटी, आणि सोपी. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसंही होती. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेकडे त्यांच्या नोंदवह्या आहेत: क्रमांक, बापाचं नाव, वय, उंची, जात, जहाज, जिल्हा, गाव, आणि पुढच्या काळातल्यांचे फोटोसुद्धा. तिथून गाव मिळतं, पण इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानाने ऐकलेलं. ते नाव मोठ्याने चार-पाच तऱ्हांनी म्हणून पाहा, त्या तालुक्याच्या गावांच्या यादीशी लावा, आणि मग त्या गावचा नमुना १४ मागा. जाणारा माणूस विशीत होता, म्हणजे त्याची स्वतःची नोंद वहीच्या आधीची असेल. तेव्हा मागे राहिलेला त्याचा भाऊ शोधायचा. त्याच्या मृत्यूची ओळ वहीत असेल, आणि त्याचे पणतू बहुतेक त्याच आळीत राहत असतील.